ट्रॅक्टर चालवायला कॉलेज कशाला?

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात, शेती उत्पादन शिकून पुढे विद्यापीठात जाता येईल का, असं एकाने विचारलं होतं. त्यावर कुणीतरी लिहिलं, की ते शिकणं म्हणजे दोन वर्षं ट्रॅक्टर फिरवणं. अर्धं खरं आहे. पण त्यात नाक मुरडण्यासारखं काय, ते कळलं नाही.

आमच्या पहिल्या सत्रात मास्तरांनी टेप हातात दिली आणि मक्याच्या शेतात उभं केलं. दोन ओळींत 30 इंच अंतर असेल, तर एका ओळीची 17 फूट 5 इंच लांबी म्हणजे एकराचा हजारावा भाग. तेवढ्यातली रोपं मोजायची: 32 भरली तर एकरी 32 हजार. एकाच जागी मोजून भागत नाही, चार-पाच ठिकाणी वाकावं लागतं. पेरणी यंत्र कुठे बी टाकायचं चुकवतंय हे मला तिथे समजलं, वर्गात नाही. (कंबर दोन दिवस धरली होती, ते वेगळं.)

मूळ प्रश्न पुढे विद्यापीठात जाण्याचा होता, त्याबद्दल मात्र सावध राहा. असोसिएट डिग्री, म्हणजे या कॉलेजांची दोन वर्षांची पदवी, साधारण 60 क्रेडिटची असते (क्रेडिट म्हणजे प्रत्येक विषय पूर्ण केल्यावर जमा होणारे अभ्यासाचे एकक), पण तिचे प्रकार आहेत. त्यातली अप्लाइड सायन्सची पदवी थेट नोकरीसाठी बेतलेली; तिचे बरेच क्रेडिट पुढे विद्यापीठात धरले जात नाहीत. चार वर्षांची पदवी डोक्यात असेल तर ट्रान्सफरची, म्हणजे जमलेले क्रेडिट घेऊन विद्यापीठात जाण्याची, वाट आधीच धरा आणि गणित-रसायनशास्त्र टाळू नका. ज्या विद्यापीठात जायचंय, तिथे कुठले विषय चालतात हे प्रवेशापूर्वी लेखी विचारून घ्या. मी तोंडी विचारलं होतं, दोन विषय पुन्हा करावे लागले.