प्रति: आलेआचे सिनेमे म्हणजे प्रचारपट?

क्यूबाचा दिग्दर्शक तोमास गुतिएरेस आलेआ याचे सिनेमे सरकारी संस्थेचे, म्हणजे सरसकट प्रचारपटच, असं वरच्या पोस्टमध्ये ठरवलंय, ते पटत नाही. १९६६चा 'डेथ ऑफ अ ब्युरोक्रॅट' बघा, तोही सरकारी चित्रपट संस्थेचाच. कामगाराचं कार्ड त्याच्या प्रेतासोबत पुरलं जातं आणि विधवेला पेन्शनसाठी नेमकं तेच लागतं. नात्यातला तरुण चोरून प्रेत उकरतो. आता पुन्हा पुरायचं, तर आधी उकरल्याचा परवाना दाखवा! (आपल्याकडच्या तालुका कचेरीत सहज खपेल.)

'मेमरीज ऑफ अंडरडेव्हलपमेंट' (१९६८) त्यानंतर घ्या. त्यात कथेमध्येच खऱ्या बातमीपटांचे तुकडे येतात, नायक सेर्हिओच्या आठवणीही न सांगता घुसतात, म्हणून नवखा प्रेक्षक गोंधळतो. 'स्ट्रॉबेरी अँड चॉकलेट' (१९९३) त्यामानाने सरळ. आलेआने आजारपणामुळे तो दिग्दर्शक हुआन कार्लोस ताबिओसोबत मिळून केला.