विंदा मराठीचे प्राध्यापक असते तर?

तासिका:
विंदा करंदीकरांनी मुंबईच्या कॉलेजांत शिकवलं काय, तर इंग्रजी. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजीच शिकवत. नेमाडेही त्याच वाटेचे. आपली सर्वोत्तम डोकी मराठीच्या वर्गाला मिळालीच नाहीत. मला हा सरळ तोटा वाटतो.

काळा_फळा:
असहमत. विंदांनी मराठीत आणलेला शेक्सपिअरचा 'राजा लिअर' (1974) वाचलाय का? तशी मराठी कोश उघडून येत नाही. ओळ न् ओळ फोडून सांगायची, मागच्या बाकावरच्या पोराचं 'नाही कळलं सर' ऐकायचं, पुन्हा सांगायची, ही सवय हाडात भिनावी लागते. 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' (1957) तर शिकवणाऱ्यानेच लिहावं असं पुस्तक. त्या नोकरीचं व्याज मराठीलाच मिळालं. त्यांनीच अनुवादलेला गटेच्या 'फाउस्ट'चा पहिला भागही घ्या.

तासिका:
'फाउस्ट' जर्मन आहे हो! बाकी लिअर मान्य. पण पुस्तक वेगळं, वर्ग वेगळा. इंग्रजीच्या तासाला बसलेली बहुतेक पोरं पेपर सुटला की मोकळी. हाच माणूस मराठीच्या एम. ए.ला चार वर्षं लाभला असता तर?

केळीचं_पान:
पोटापाण्याचं कोणीच बोलत नाही. इंग्रजी बहुतेक शाखांना सक्तीचं, मराठी तसं नव्हतं. जागा कुठे निघणार? आणि जीएंनी धारवाडला मराठीचा वर्ग भरवायचा कोणाला घेऊन?
नेमाड्यांचं उदाहरण तर तुमच्यावरच उलटतं. भाषाविज्ञान आणि मराठीही शिकवलं त्यांनी, लंडनलाही शिकवलं, गोवा विद्यापीठात इंग्रजी विभाग सांभाळला, मुंबई विद्यापीठात तौलनिक साहित्याच्या टागोर अध्यासनावर होते. देशीवाद, म्हणजे साहित्य आपल्याच मातीतून, परंपरेतून उगवावं हा विचार, मांडला तो या माणसाने. इंग्रजीचं घर आतून पाहिलेला माणूस होता म्हणूनच वार खोल गेला. (देशीवाद मला पटत नाही, तो वेगळा धागा.)

काळा_फळा:
अगदी. आणि 'अमृतानुभवाचे अर्वाचीनीकरण' (1981) कोणी केलं? ज्ञानेश्वर आजच्या मराठीत आणायला इंग्रजीचाच मास्तर पुढे आला. मराठीचे प्राध्यापक तेव्हा काय करत होते, हे विचारत नाही.

तासिका:
विचारलंतच की! ते पुस्तक घरात आहे, अर्ध्यावर सोडलंय. पण मुद्दा सोडलेला नाही. ते काम त्यांनी घरी बसून केलं. मला ते तासाला हवं होतं, खडूसकट.