धागा: टेबलावरचं नेट तुमच्या खिशात कधी आलं?

कोल्हापूर आणि पंचक्रोशीतल्या मंडळींनी लिहावं. काय सोपं झालं, काय अडलं, दोन्ही चालेल. सुरुवात मी करतो.

राजारामपुरीत कॅफेत बसायचो. रजिस्टरमध्ये नाव, ओळखपत्राची झेरॉक्स, मग प्लायवुडचं खोपटं. पाच मिनिटं उरली की मालक बाहेरनं टकटक करायचा. म्हणून काय काय बघायचं ते वहीत लिहून न्यायचो. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, मार्च 2017 पर्यंत फुकटच होतं. तेवढ्यात ती वही सुटली. आता नेट उघडतो नि कशाला उघडलं तेच आठवत नाही.

उद्यमनगरवाला
पूर्वी ड्रॉइंग मेलवर यायचं, मोठी प्रिंट काढून पॅटर्नवाल्याकडं, म्हणजे ओतकामाचा नमुना करणाऱ्याकडं, द्यायचो. आता पार्टी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणून किती वेळा सांगितलं, तरी फोटोच. तो आकसून येतो, दोन बोटांनी ताणला की आकडे फिसकटतात. गेल्या वर्षी बॉसचा, म्हणजे ओतलेल्या नगावरच्या गोल उंचवट्याचा, व्यास 38 होता, मी 33 वाचला. जादा झाला असता तर लेथवर उतरवला असता. कमी पडलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कुठनं आणायचं? चाळीस नग परत भट्टीत. पार्टीला तरी काय बोलणार, बघितलं होतं मीच.

शाहूपुरी, हिशोबनीस
माझं आलंच नाही. शंभर बिलांचा जीएसटी मोबाइलवर जुळवून दाखवा, मिसळ माझ्याकडनं. कट पाहिजे तेवढा.

चिखलीकर
ऑगस्ट 2019. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी 43 फूट, पाणी 55 च्या वर गेलेलं. लाइट नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर एक मोबाइल चार्ज करायचा, तो अख्ख्या गल्लीचा. पातळीचा आकडा आला की एकानं मोठ्यानं वाचायचा. पुढं रेंजही गेली, मग जिन्याच्या पायरीवर खडूनं रेघा मारत बसलो. काँप्युटर तेव्हा माळ्यावर चढवलाय, तो अजून तिथंच आहे.

आजऱ्याचा, सध्या कोल्हापुरात
आई काँप्युटरची धूळ पुसायलासुद्धा भ्यायची. परवा मोबाइलला विचारत होती, "गवारीवर मावा पडलाय, काय करू?" आधी बर्फीची रेसिपी आली. तेव्हापासनं 'मावा कीड' म्हणते, शब्द तोडून तोडून, बहिऱ्याला सांगावं तसं.