मदत हवी आहे : शिलालेखाचे किंचित हललेले फोटो स्पष्ट करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

नमस्कार.

पुणे जिल्ह्यातील जुन्या देवळांमधल्या शिलालेखांचे फोटो काढून ठेवण्याचे काम मी गेली काही वर्षे सुटीच्या दिवशी करते. एका गावातील देवळात उंबऱ्यालगतच्या दगडावर चार ओळींचा देवनागरी लेख होता. त्याचे मी पाच फोटो काढले, आणि घरी येऊन संगणकाच्या पडद्यावर मोठे करून पाहिले तेव्हा पाचही किंचित अस्पष्ट असल्याचे लक्षात आले. पुन्हा जाऊ, असे म्हणता म्हणता पावसाळा गेला. दिवाळीनंतर गेले, तर जीर्णोद्धारात त्या दगडावर फरशी बसलेली होती. त्यामुळे ‘पुन्हा जाऊन फोटो काढा’ हा एरवी सर्वांत योग्य ठरणारा सल्ला मला आता उपयोगाचा नाही. या लेखाची दुसरी कोणतीही नोंद मला अद्याप सापडलेली नाही, म्हणून हे पाच फोटो मला फार मोलाचे वाटतात.

फोटो २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्याने, रॉ म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात काढलेले आहेत. लेन्स ५५ मिमीवर होती, आयएसओ ३२०० होता आणि शटर १/१५ सेकंद. ट्रायपॉड जवळ नव्हता. या लेन्सला हातात धरून निदान १/८० तरी हवे होते, हे मला ठाऊक आहे. परंतु ओसरीत उजेडच तेवढा होता. तीन फोटोंत हात हललेला दिसतो, कारण दगडातला एक चमकणारा कण सहा-सात पिक्सेल लांबीची तिरपी रेघ होऊन उमटला आहे. उरलेल्या दोन फोटोंत तोच कण गोल ठिपक्यासारखा पसरला आहे, म्हणजे तेथे फोकस चुकला असावा.

प्रथम मी लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये शार्पनिंगच्या अमाउंट, रेडियस, डिटेल आणि मास्किंग या चारही पट्ट्या सरकवून पाहिल्या. अक्षरांच्या कडा उठून दिसू लागल्या, पण दगडावरचे खड्डे आणि टवके त्याहूनही अधिक उठले, आणि अनुस्वार कोणता व खड्डा कोणता हे कळेनासे झाले. त्यानंतर एका परिचितांकडे असलेल्या, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन फोटो घालून पाहिले. निकाल पाहताक्षणी मला फार आनंद झाला, कारण अक्षरे नुकतीच कोरल्यासारखी दिसत होती. मात्र शकाच्या आकड्यात दशकाच्या जागी एका फोटोत स्वच्छ १ आला आणि दुसऱ्यात तितकाच स्वच्छ ९ आला. दगड एकच, आणि दोन फोटोंत काळाचा फरक ऐंशी वर्षांचा! तेव्हापासून त्या सॉफ्टवेअरने दाखवलेल्या एकाही अक्षरावर माझा विश्वास उरलेला नाही.

तेव्हा माझा प्रश्न असा आहे की, फोटोत जे मुळात नोंदले गेले आहे तेवढेच अधिक वाचनीय करील आणि पदरचे काही घालणार नाही, असे सॉफ्टवेअर कोणते? माझ्याकडे ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आहे, त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. दरवर्षी वर्गणी भरावी लागेल असे काही शक्यतो नको.

प्रतिसाद

आपण फोटोंची दोन गटांत विभागणी केलीत, हे फार बरे झाले, कारण दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

लाइटरूममधली ती सोय मुख्यतः, अनशार्प मास्क या नेहमीच्या शार्पनिंगप्रमाणेच, कडेच्या दोन बाजूंमधला फरक वाढवते. फरक वाढवल्याने पसरलेला प्रकाश पुन्हा गोळा होत नाही. म्हणूनच अक्षरांबरोबर खड्डेही उठले. आपल्याला हवे आहे ते डीकन्व्होल्यूशन. एक बिंदू कसा पसरला हे ठाऊक असेल, तर त्यावरून उलटे गणित मांडून मूळ चित्राच्या जवळ जाता येते. रिचर्डसन यांनी १९७२ मध्ये आणि लूसी यांनी १९७४ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरात आहे. हबल दुर्बिणीच्या आरशात दोष निघाला, तेव्हा १९९३ मध्ये दुरुस्ती होईपर्यंत खगोलशास्त्रज्ञ तिच्या प्रतिमांवर अशाच पद्धती वापरत होते. ताऱ्याचा बिंदू त्यांच्या ज्या उपयोगाचा होता, त्याच उपयोगाचा तुमचा तो चमकणारा कण आहे.

फोकस चुकलेल्या दोन फोटोंसाठी रॉथेरपी हे रॉ फोटोंवर काम करणारे सॉफ्टवेअर घ्या. ते मोफत आहे, आपल्या लॅपटॉपवर चालेल, मूळ रॉ फाइलला हात लावत नाही आणि केलेले सर्व बदल वेगळ्या फाइलमध्ये नोंदवून ठेवते. त्यात शार्पनिंगची पद्धत आरएल (म्हणजे रिचर्डसन-लूसी) डीकन्व्होल्यूशन अशी निवडावी. आवर्तने, म्हणजे तेच गणित किती वेळा करायचे तो आकडा, वाढवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण ती अति झाली की खऱ्या कडेला समांतर खोट्या रेघा उमटतात आणि कोरीव अक्षरांत त्या सहज मात्रेसारख्या दिसतात.

हात हललेल्या तीन फोटोंना रॉथेरपीतली ही सोय थेट लागू पडत नाही, कारण तिच्यात प्रकाशाची पसरण सर्व दिशांना सारखी असल्याचे गृहीत धरलेले असते. त्यासाठी फोटोशॉपमधील स्मार्ट शार्पनमध्ये मोशन ब्लर निवडून रेघेचा कोन द्यावा. वर्गणी नको असेल, तर इमेजजे या मोफत प्रोग्रॅमला डीकन्व्होल्यूशनचे प्लगइन जोडता येते. त्याला त्या कणाचेच चित्र नमुना म्हणून पुरवावे. मधल्या टप्प्यावर जेपेग करू नये, १६ बिटची टिफ ठेवावी.

एक चाचणी अवश्य करावी. पुण्याच्या सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपती मंदिराच्या गाभाऱ्यात तीन लेख आहेत, दोन संस्कृत आणि एक फारसी, आणि त्यांचे वाचन प्रसिद्ध झालेले आहे. परवानगी मिळाल्यास संस्कृत लेखाचा फोटो मुद्दाम १/१५ सेकंदाने, हातात धरून काढा. त्यावर जे सॉफ्टवेअर एकही अक्षर बदलत नाही, तेच आपल्या फोटोंवर चालवा.

मूळ लेखिकेचे उत्तर

मनापासून आभार. त्रिशुंडला परवानगी मिळाली आणि मी रविवारी सकाळी जाऊन फोटो काढून आले. रॉथेरपीमध्ये आवर्तने पंधरापर्यंत ठेवली तेव्हा अक्षरे प्रसिद्ध वाचनाशी जुळत राहिली. पुढे चाळीसवर नेली, तर एका काना असलेल्या अक्षराला दोन काने दिसू लागले. परिचितांचे सॉफ्टवेअरही त्याच फोटोवर चालवून पाहिले. त्यात दोन अक्षरे बदलली.

माझ्या लेखातील पहिल्या तीन ओळी आता मला सलग लावता येतात. दशकाचा अंक मात्र अजूनही १ की ९ हे ठरत नाही, म्हणून नोंदीत तो चौकटी कंसात, प्रश्नचिन्हासह ठेवला आहे. इमेजजेमध्ये कणाचे चित्र नमुना म्हणून देताना मी अडले आहे. कणाभोवतीचा दगड पूर्ण काळा करून द्यायचा, की आहे तसा राहू द्यायचा?