मदत हवी आहे: निर्देशांकांत एवढी तफावत असताना एकूण बुद्ध्यांक द्यावा का?

एका मुलाला दिलेली वेक्सलरची मुलांसाठीची बुद्धिमत्ता चाचणी, पाचवी आवृत्ती. त्याचे निर्देशांक, म्हणजे क्षमतांचे गटवार गुण: शाब्दिक आकलन १२४, प्रवाही तर्क ११८, दृश्य-अवकाशीय ११२, कार्यरत स्मृती ९४, प्रक्रियेचा वेग ८८. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती साधारण किती पसरतात ते) १५, म्हणजे टोकांमधला फरक ३६ गुणांचा, २.४ प्रमाण विचलनं! एकूण बुद्ध्यांक काढता येतो, पण तो या मुलाबद्दल काय सांगणार?

एकूण बुद्ध्यांकाऐवजी सामान्य क्षमता निर्देशांक देता येतो, पण त्यात स्मृती आणि वेग धरत नाहीत. फक्त तोच दिला तर मुलाची खरी अडचणच अहवालातून गायब होईल, ही मोठी काळजी आहे. शिवाय वेग मोजणाऱ्या संकेतलेखन (चिन्हं भराभर लिहून काढणं) या उपचाचणीतले गुण हात संथ चालल्यामुळेही घसरतात. वेगाच्याच दुसऱ्या उपचाचणीत, चिन्हशोधात (दिलेलं चिन्ह ओळीत शोधणं), लिहिणं फार कमी. आधी या दोन उपचाचण्यांची तुलना करावी का? पाचही निर्देशांक ९५ टक्के विश्वास-अंतरासह (खरा गुण ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा) पालकांना समजतील असे कसे मांडता, कृपया सांगा.