सर्जन व्हायचंय, पण पुढचं आयुष्य नक्की कसं असतं?

इंटर्न_आहे_सध्या
नमस्कार मंडळी, इंटर्नशिप संपत आलीये आणि ब्रँच ठरवायची आहे. सर्जरीच्या पोस्टिंगमध्ये जेवढा रमलो तेवढा कुठेच रमलो नाही, रात्री अपेंडिक्सच्या ऑपरेशनला रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरून उभं राहायचाही कंटाळा येत नव्हता. पण टाके घालताना हात थोडा थरथरतो. आणि सीनियर रेसिडेंट्सकडे (हॉस्पिटलमध्ये राहून सर्जरी शिकणारे डॉक्टर) बघितलं की झोप, घर, मित्र सगळं सुटलेलं दिसतं. हे शिकत असतानाचंच असतं की जन्मभराचं? जे यात आहेत त्यांनी खरंखरं सांगा प्लीज.

जुना_सर्जन
हाताची काळजी सोड. सुरुवातीला बहुतेकांचा थरथरतो, मनगट टेकवायला जागा शोधायची, टेबलाची उंची आपल्याला जमेल अशी करून घ्यायची आणि रूमवर दोऱ्याच्या गाठी बांधत बसायचं, फरक पडतो. हात शिकवता येतात रे. वेळ लागतो तो निर्णयाला, म्हणजे ऑपरेशन कधी करायचं, आत गेल्यावर कुठे थांबायचं आणि कुणाला हातच लावायचा नाही. दुर्बिणीने पित्ताशय काढताना कधी सूज एवढी असते की कुठली नळी कुठली ते कळतच नाही, तिथे रेटून पुढे गेलं तर मुख्य पित्तनलिका कापली जाऊ शकते. अशा वेळी दुर्बीण सोडून पोट उघडून ऑपरेशन करणं किंवा पित्ताशयाचा थोडा भाग तसाच ठेवून बाहेर येणं, याला जास्त हिंमत लागते.

आणि केस संपली म्हणून सुटका नाही. आतडं जोडलं की पुढचा आठवडाभर तो पेशंट डोक्यात असतो, कारण जोड लीक व्हायचा तर बऱ्याचदा पाचव्या-सातव्या दिवसाच्या आसपास कळतं आणि आधी फक्त नाडी वाढते, पेशंट म्हणतो बरं वाटत नाहीये, पोट अजून मऊच असतं. तेव्हा तू स्वतः जाऊन बघायला हवंस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की ड्यूटीचे तास पुढे कमी होतात, ही काळजी मात्र वाढते, कारण वर विचारायला कोणी उरत नाही.

भूलतज्ज्ञ_ताई
वरच्या दादांशी सहमत, पण झोपेबद्दल बोलायलाच हवं. रात्रंदिवस हॉस्पिटलमध्येच राहून शिकायची पद्धत अमेरिकन सर्जन हॉल्स्टेड यांनी १९व्या शतकाच्या शेवटी जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये बसवली, आणि ते स्वतः कोकेनच्या आणि नंतर मॉर्फिनच्या व्यसनात अडकले होते हे फारसं कुणी सांगत नाही. अमेरिकेत २००३ पासून रेसिडेंटला आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा आहे, युरोपात ४८ ची. दमणं म्हणजे शौर्य असं कुणी शिकवत असेल तर ते मनावर घेऊ नकोस.

दुसरं, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सर्जन एकटा नसतो. डब्ल्यूएचओची ऑपरेशनच्या वेळची चेकलिस्ट ८ शहरांतल्या हॉस्पिटलांत वापरून बघितली तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं, आणि त्यात असतं काय तर पेशंटचं नाव, कुठली बाजू, अँटिबायोटिक दिलं का, कुणाला काही शंका आहे का. ज्याला सिस्टरने टोकलेलं चालतं त्या सर्जनबरोबर मी निर्धास्त भूल देते.

सर्जनची_बायको
घरच्या बाजूने लिहिते. फोन येणार आणि हा उठून जाणार हे आम्ही स्वीकारलंय, त्याचा राग येत नाही. जड जातं ते पेशंट गेल्यावर हा दोन-दोन दिवस बोलत नाही तेव्हा. तू लग्न करशील तेव्हा आधीच स्पष्ट सांग, आणि असं काही झालं की घरी निदान एक वाक्य तरी बोलत जा. आम्हाला मेडिकल कळत नसलं तरी माणूस कळतो.

इंटर्न_आहे_सध्या
सगळ्यांचे मनापासून आभार, ताई तुमचं विशेष. मग डिपार्टमेंट निवडताना काय बघू? केसेसचा आकडा तर सगळेच मोठा सांगतात.

जुना_सर्जन
तिथे मॉर्टॅलिटी मीटिंग (पेशंट का दगावले याची चर्चा) खरंच होते का ते विचार, आणि तिथे प्रोफेसर स्वतःच्या केसेस मांडतात की फक्त रेसिडेंटला झापतात तेही. बोस्टनचे सर्जन कॉडमन यांनी शंभर वर्षांपूर्वी प्रत्येक पेशंटचं पुढे काय झालं याची कार्डं ठेवली आणि स्वतःच्या चुका छापून लोकांपुढे ठेवल्या, त्यापायी सहकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. तसं वातावरण थोडं जरी असेल तर केसेस कमी असल्या तरी चालेल. सध्याच्या रेसिडेंट्सशी कॅन्टीनमध्ये बोल, प्रोफेसरांसमोर नको. आणि दुसऱ्या वर्षाला स्वतःच्या हाताने काय काय करायला मिळतं, सीनियर शेजारी उभा असतो का, हे नक्की विचार.