सल्ला हवा: मेमरी जास्त म्हणून एएमडीचं कार्ड घ्यावं का? कूडा कोडाचं काय होईल?

रानवारा: घरच्या पीसीसाठी ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय. पायटॉर्च या एआय लायब्ररीवर मॉडेल फाइन-ट्यून करतो (तयार मॉडेलला आपला डेटा देऊन पुढे शिकवतो), शिवाय गाइडकडून आलेला दोन हजार ओळींचा कूडा कोड आहे, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डांसाठीच्या त्यांच्या प्रोग्रामिंग पद्धतीत लिहिलेला. तेवढ्याच पैशात एएमडीकडे मेमरी जास्त मिळतेय, तरी जो तो म्हणतो एनव्हिडियाच घे. का, ते कोणी नीट सांगत नाही.

तळटीप: कारण कार्डात नाही, कोडात आहे. एनव्हिडियाने २००६ मध्ये कूडा जाहीर केलं आणि साध्या गेमिंग कार्डांवरही चालू दिलं. विद्यार्थी त्यावरच शिकले, लायब्रऱ्या त्यावरच उभ्या राहिल्या. त्याच कामाचं, पण सर्वांसाठी खुलं असलेलं ओपनसीएल २००८ च्या अखेरीस आलं, एएमडीचं स्वतःचं आरओसीएम तर थेट २०१६ मध्ये. इतक्या वर्षांचा लिहून ठेवलेला कोड नुसत्या चांगल्या चिपने मागे टाकता येत नाही. मला हे मनापासून खटकतं, कारण किंमत शेवटी आपणच मोजतो.
पायटॉर्चची काळजी नको. त्याच्या आरओसीएम आवृत्तीतही डिव्हाइसचं नाव ‘कूडा’ असंच द्यायचं असतं, त्यामुळे बहुतेक स्क्रिप्ट तशाच चालतात. फक्त घ्यायचं ते मॉडेल आरओसीएमच्या यादीत आहे ना, एवढं आधी बघा.

कोंदण: जुना कोड मात्र जपून. कूडा कोड एएमडीसाठी बदलून देणारं हिपिफाय हे साधन फंक्शनांची नावं बदलून देतं, त्यामागचं गृहीतक बदलत नाही. एनव्हिडियावर ३२ थ्रेड (कामाचे छोटे धागे) एका गटात एकत्र चालतात, एएमडीच्या इन्स्टिंक्ट सर्व्हर कार्डांवर ६४. आमच्या कोडात बेरीज करताना ३२ हा आकडा थेट लिहिलेला होता. चूक आमचीच. एरर एकही आली नाही, उत्तर तेवढं चुकलं आणि शोधण्यात दोन दिवस गेले. एएमडीच्या हल्लीच्या रेडिऑन गेमिंग कार्डांवर सहसा ३२ चाच गट असतो, तरी तपासा.

जुनापीसी: अशी पकड सुटतेही. ३डीएफएक्स या ग्राफिक्स कार्ड कंपनीचं ग्लाइड (गेमला कार्डाशी जोडणारं सॉफ्टवेअर) फक्त त्यांच्या व्हूडू कार्डांवर चालायचं आणि नव्वदीत गेम त्यासाठी खास लिहिले जात. पुढे त्याच कामाचं मायक्रोसॉफ्टचं डायरेक्ट३डी सगळ्यांच्या कार्डांवर चालू लागलं, ग्लाइडची गरज संपली. २००० च्या शेवटी ३डीएफएक्सची बहुतेक मालमत्ता घेतली ती एनव्हिडियानेच. पण तेव्हा विंडोजच मायक्रोसॉफ्टच्या हातात होतं. इथे तसा तिसरा कोणी नाही, म्हणून लगेच सुटेल या भरवशावर राहू नका.

रानवारा: आत्ताच कोडात ३२ शोधलं. सात ठिकाणी आहे, त्यातली दोन बेरजेत. मित्राकडे रेडिऑन आहे, रविवारी आधी त्यावर चालवून दोन्हीकडची उत्तरं ताडून बघतो, मग पैसे भरतो.